दोन डॉलरचा स्टेक

लास व्हेगासबद्दल तक्रार करणारे प्रवासी दोन प्रकारचे असतात. एकांना तिथला जुगार खटकतो, दुसऱ्यांना तिथली महागाई. पहिल्यांचं म्हणणं जुनं आहे आणि बरंचसं खरंही आहे, त्यामुळे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. दुसऱ्यांशी मात्र घालणार आहे. ही मंडळी सांगतात, की पूर्वीचं व्हेगास दिलदार होतं. दोन डॉलरला स्टेक मिळायचा, पन्नास सेंटला पेलाभर कोळंबी मिळायची. आणि आता? आईच्या साठीला किंवा मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला सहा माणसं कॅसिनोतल्या एखाद्या नावाजलेल्या स्टेकहाऊसमध्ये जेवायला बसली, तर बिल हजार डॉलरच्या घरात जायला वेळ लागत नाही. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र उलटा काढलेला आहे. जुना स्वस्त स्टेक दिलदारीतून आलेला नव्हता, आणि आजचा महाग स्टेक ही लूट नाही. त्या अवाढव्य इमारतीत किंमत आधी छापलेली असते आणि पैसे मोजल्यावर ठरलेली वस्तू नक्की हातात पडते, अशा गोष्टी थोड्याच. स्टेक त्यांतला एक. म्हणूनच जुगाराचा तिटकारा असलेलं कुटुंबही तिथे वाढदिवसाला बसलं, तर त्यात मला विसंगती दिसत नाही.

स्वस्ताईची सुरुवात कुठून झाली ते पाहू. नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला तो १९३१ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात. त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि पगार हातात असलेल्या मजुरांची वस्ती वाळवंटात आयती उभी राहिली. १९४१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर ‘एल रांचो व्हेगास’ हे पहिलं मोठं रिसॉर्ट-कॅसिनो उघडलं. आज ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात तो रस्ता हाच. व्हेगासचा प्रसिद्ध बुफे जन्मला तोही इथेच, आणि त्यामागचं कारण साधं होतं. शो संपल्यावर लोक झोपायला गेले तर टेबलं ओस पडणार. एका डॉलरात पोटभर खायला घातलं, तर माणूस त्याच छपराखाली राहतो आणि हात धुऊन पुन्हा चिप्स घेतो. पुढे १९५१ मध्ये टेक्सासहून आलेल्या बेनी बिनियनने फ्रीमाँट स्ट्रीटवर ‘हॉर्सशू’ सुरू केलं आणि याच युक्तीचं त्याने ब्रीद करून टाकलं. माँटाना राज्यात त्याचा स्वतःचा गुरांचा मळा होता. त्याच्या कॅसिनोत रात्री उशिरा मिळणारा दोन डॉलरचा स्टेक कित्येक वर्षं व्हेगासच्या लोककथांत वावरत राहिला. वेळ मात्र लक्षात घ्या. जेवणाच्या वेळेला मोजक्या पैशांत खाऊ घालणं वेगळं, आणि मध्यरात्रीनंतर, माणूस थकून खोलीकडे वळायच्या बेतात असताना, त्याच्यासमोर गरम स्टेक ठेवणं वेगळं. तो स्टेक म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. आमिष चविष्ट असेल, बिनियनचं होतंही म्हणतात, पण गळ गळच राहतो.

त्याचे पैसे कोण भरत होतं, याचं गणित करायला तिसरीतला मुलगाही पुरे. अमेरिकी रूलेटच्या चाकावर अडतीस घरं असतात, एक ते छत्तीस, शिवाय शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर पैसे मिळतात पस्तीसपट. लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर त्या चाकाचे होतात, आणि हल्ली स्ट्रिपवर तिसरं शून्य असलेली जी चाकं सर्रास दिसतात त्यांत हा आकडा पावणेआठच्या जवळ जातो. समजा एखादा माणूस दर फेरीला पंचवीस डॉलर लावतो आणि तासाला चाळीस फेऱ्या होतात. म्हणजे तासाभरात त्याने हजार डॉलर फिरवले, आणि सरासरीने त्यातले बावन्न-त्रेपन्न कॅसिनोला मिळाले. नशीब त्या रात्री त्याला हात देईल किंवा बुडवेल, तो भाग वेगळा. कॅसिनोचा हिशोब नशिबावर चालत नाही, तो या सरासरीवर चालतो. तासाचे बावन्न डॉलर ही त्या खुर्चीची किंमत झाली, पण ती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते. त्यातले काही परत देऊन दोन डॉलरचा स्टेक, फुकटचं पेय, जमल्यास फुकटची खोली देता येते, आणि घेणारा आभार मानत घेतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तो हाच प्रकार. फरक एवढाच, की इथे आयजी शेजारच्याच टेबलावर बसून हरत असते आणि बहुधा तिलाही वाटत असतं, की बायजी फार चांगली आहे.

त्या दिलदारीला आणखी एक कड होती, तिची आठवण काढायला हळहळणारे विसरतात. १९६० च्या मार्चपर्यंत स्ट्रिपवरच्या कॅसिनोंत काळ्या माणसांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता. सॅमी डेव्हिस ज्युनियरसारखा कलावंत रंगमंचावर टाळ्या घ्यायचा, पण त्याच इमारतीच्या भोजनगृहात त्याला बसता येत नसे. सहारा अव्हेन्यूवर १९५८ मध्ये उघडलेलं ‘गोल्डन स्टिअर’ हे स्टेकहाऊस कॅसिनोच्या बाहेर होतं, आणि सॅमी तिथे जाऊन जेवायचा. त्याच्या नावाचा कोपरा आजही तिथे दाखवतात. स्वस्त ताट सगळ्यांसाठी मांडलेलं होतं, हा समजही त्यामुळे अर्धवटच ठरतो.

मग बदल कसा झाला? १९८९ मध्ये स्टीव्ह विनने ‘मिराज’ हे कॅसिनो-हॉटेल उघडलं. लोक केवळ खेळायला नव्हे, तर राहायला, बघायला आणि खायला पैसे मोजतील, या हिशोबावर ते उभं होतं. १९९२ मध्ये वुल्फगँग पक या शेफने सीझर्स पॅलेसच्या बाजारपेठेत ‘स्पागो’ हे रेस्तराँ काढलं तेव्हा जाणत्यांनी नाकं मुरडली. चार डॉलरच्या बुफेच्या गावात कॅलिफोर्नियाच्या दराने कोण जेवणार? जेवणारे निघाले. १९९८ मध्ये ‘बेलाजिओ’ आलं आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या कॅसिनोला नामांकित शेफचं एक स्टेकहाऊस असणं जवळपास सक्तीचंच झालं. राज्याच्या गेमिंग खात्याचे वार्षिक ताळेबंद पाहिले, तर स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंचं निम्म्याहून जास्त उत्पन्न १९९० च्या सुमारास जुगारातून येत होतं. नव्वदचं दशक संपता संपता ते निम्म्याच्या खाली घसरलं, आणि आता साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी आहे. बाकीचं खोल्या, खाणं, पेय, नाटक-गाणी यांतून येतं. म्हणजे स्वयंपाकघराला स्वतःचा खर्च स्वतः काढावा लागतो, वर नफाही दाखवावा लागतो. ताट महागलं त्यामागचं मोठं कारण हे, आणि हरणाऱ्यांच्या खिशावर ताट आता पूर्वीइतकं अवलंबून राहिलेलं नाही, हा त्याचाच दुसरा अर्थ.

कुटुंबाच्या वाढदिवसासाठी या बदलाचा नमुना बघायचा असेल, तर चकचकीत बेलाजिओपेक्षा स्ट्रिपच्या उत्तर टोकाला असलेल्या, काहीशा विटलेल्या ‘सर्कस सर्कस’कडे जावं असं मी म्हणेन. जे सार्नो या कल्पक आणि उधळ्या माणसाने सीझर्स पॅलेसनंतर १९६८ मध्ये हे तंबूच्या आकाराचं कॅसिनो बांधलं. खाली जुगाराची टेबलं आणि डोक्यावर झुल्यांवरच्या कसरती, अशी त्याची योजना होती. मोठ्या रकमा लावणाऱ्यांना डोक्यावरून माणसं उडालेली आवडली नाहीत, धंदा बसला. १९७४ मध्ये नव्या चालकांनी मोठ्या खेळाडूंचा नाद सोडून मुलाबाळांसह मोटारीने येणारं मध्यमवर्गीय गिऱ्हाईक धरलं, आणि तो डाव लागला. १९९३ मध्ये मागे गुलाबी काचेच्या घुमटाखाली पाळण्यांचं अख्खं उद्यान आलं. या गोंगाटाच्या पोटात १९८२ पासून एक जुन्या वळणाचं स्टेकहाऊस आहे. नाव शोधायचा त्रासही कुणी घेतलेला नाही, नुसतं ‘द स्टेक हाऊस’. गडद लाकूड, कमी उजेड, काचेमागे टांगून मुरवत ठेवलेलं मांस आणि मेस्किट या काटेरी झाडाच्या कोळशावर चाललेली भट्टी. बाहेर लुकलुकणारी यंत्रं, आत पांढरा टेबलक्लॉथ. इतका विरोध बहुधा मुद्दाम साधलेला असावा.

स्टेकहाऊस ही संस्थाच निश्चिततेवर उभी आहे. अमेरिकी कृषिखातं मांसाची प्रतवारी करतं. स्नायूत चरबीच्या रेषा जितक्या दाट तितकी प्रत वर, आणि सर्वांत वरची ‘प्राइम’ थोड्याच जनावरांना मिळते. मग ते मांस थंड, कोरड्या हवेत तीन-चार आठवडे मुरवतात. त्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, तंतू सैल पडतात, चव दाट होते. घटलेल्या वजनाची किंमत गिऱ्हाईकच देतं, पण ते मेन्यूवर लिहिलेलं असतं. रिबआय चरबीमुळे रसाळ, फिले मिन्यॉन लोण्यासारखा मऊ पण चवीला सौम्य, न्यूयॉर्क स्ट्रिप मधला. किती भाजायचं हे गिऱ्हाईक सांगतं, आणि सांगितल्याप्रमाणे नसेल तर ताट परत पाठवायचा हक्क त्याला असतो. या इमारतीत दुसऱ्या कुठल्या टेबलावर हा हक्क मिळतो? भाजलेला बटाटा, सायीतला पालक, अस्पॅरॅगस हे बहुतेक ठिकाणी वेगळं मागवावं लागतं, वेगळ्या पैशांनी. शंभर डॉलरच्या जेवणावर क्लार्क काउंटीचा आठ डॉलर सदतीस सेंट विक्रीकर आणि रिवाजाची वीस टक्के टिप धरली, की एकशे अठ्ठावीसच्या आसपास गोळाबेरीज येते. घरातून निघण्याआधी कागदावर मांडता येतं हे. रूलेटच्या संध्याकाळचं मांडून दाखवावं कुणी!

मराठी कुटुंबाची इथे एक वेगळी अडचण असते, ती नजरेआड करून चालणार नाही. गोमांस बहुतेकांना चालत नाही, आणि स्टेकहाऊसमध्ये मुख्य वस्तूच ती. पण अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक स्टेकहाऊसमध्ये लॉबस्टर, सामन मासा, कोंबडी हे असतंच. टेबलावर सगळ्यांनी एकच पदार्थ खावा असा दंडक नाही, म्हणूनच कदाचित दक्षिण कॅलिफोर्नियातून मोटारीने येणारी आपली मंडळी मुलांच्या आग्रहाखातर इथे येऊन बसतात. शाकाहारी माणसाने मात्र सावध असावं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सहसा अँचोव्ही मासा असतो आणि कांद्याच्या सूपचा पाया बहुधा गोमांसाच्या अर्काचा असतो. विचारलं तर वेटर खरं सांगतो. केकच्या तुकड्यावर मेणबत्ती लावून आणायची पद्धतही सगळीकडे आहे, आरक्षण करताना सांगून ठेवलं की झालं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की स्टेकहाऊस कितीही सोवळं असलं तरी तिथवर पोचायला कॅसिनोच्या पोटातून चालत जावं लागतं. हे खरं आहे आणि हेतुपुरस्सर आहे. जत्रेत देवाचं दर्शन घ्यायला दुकानांच्या रांगेतूनच जावं लागतं, तसा रस्ता आखलेला असतो. घड्याळ सहसा दिसत नाही, खिडक्या नाहीत, सरळ वाट क्वचितच. नेवाडाच्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या कुणालाही खेळायला मनाई आहे आणि जुगाराच्या जागेत रेंगाळायलाही. जेवायला जाण्यासाठी मोठ्यांबरोबर त्या जागेतून पार होता येतं, थांबता येत नाही. मूल यंत्रापाशी उभं राहून बघू लागलं, तर रक्षक येऊन पुढे चला म्हणतो. तेव्हा मुलांच्या डोळ्यांना जुगाराची सवय होते, हा आक्षेप पूर्ण खोडता येणार नाही. नव्वदच्या दशकात व्हेगासने पाळणे, किल्ले, समुद्री चाचे असा कुटुंबाचा जो मेळा मांडला होता त्यात हे विशेष होतं, आणि पुढे शहराने स्वतःच तो नाद बराचसा सोडला. पण सवय लावण्याच्या बाबतीत जुना बुफे जास्त घातक होता. तिथे ताट आणि डाव यांच्यात रेषाच नव्हती. जेवण हे खेळाचं बक्षीस होतं. महाग स्टेकहाऊसच्या दारात ती रेषा स्पष्ट आहे. आत एका गोष्टीचे पैसे, बाहेर दुसऱ्या. शहाणे पालक मुलाला ही रेषा दाखवू शकतात. एकविसावा वाढदिवस असेल तर दाखवायलाच हवी, कारण त्याच दिवसापासून ती ओलांडायचा त्याला कायदेशीर हक्क आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ बिल भरतच नाही, तो आपलं सदस्यकार्ड दाखवतो आणि त्याचं जेवण कॅसिनोच्या खात्यावर जातं. म्हणजे बायजीचं औदार्य आजही चालूच आहे! आहेच. नियमित खेळणाऱ्याचं अपेक्षित नुकसान संगणक मांडतो आणि त्यातला काही हिस्सा खोली, जेवण, तिकिटं या रूपात परत करतो. त्यामुळे माझा दावा थोडा आवरता घ्यायला हवा. महाग स्टेक प्रत्येकासाठी स्वच्छ व्यवहार नसतो. जो स्वतःच्या खिशातून, मेन्यूवरचा आकडा वाचून पैसे देतो त्याच्यासाठी तो आहे, आणि वाढदिवसाला बसलेलं कुटुंब बहुधा त्यातच मोडतं. मग कुणी म्हणेल, बिलावर मागाहून चिकटवलेले आकार कुठे स्वच्छ असतात? काही रेस्तराँ बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत एखादा जादा अधिभार जोडतात, आणि खोलीच्या दरावर वेगळी ‘रिसॉर्ट फी’ आकारण्याची तिथली रीत तर कुप्रसिद्ध. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्रीय नियमाने हॉटेलांना आणि कार्यक्रमांच्या तिकिटांना एकूण किंमत आधीच दाखवणं भाग पडलं, रेस्तराँ त्या नियमाच्या बाहेर राहिली. हा दोष आहे, आणि बिल नीट वाचण्यापलीकडे त्यावर उपाय मला दिसत नाही. पण बारीक अक्षरातली का होईना ती ओळ वाचता येते. चाकावरच्या तिसऱ्या शून्यावर कुणी त्याची किंमत लिहीत नाही.

तिसरी गोष्ट ताटाच्या पलीकडची. स्वस्त स्टेक वाढणाऱ्या हातांना काय मिळत होतं? व्हेगासचे वेटर, आचारी, खोल्या आवरणाऱ्या बायका यांची ‘कलिनरी युनियन’ साठ हजारांच्या आसपास सभासद बाळगून आहे आणि स्ट्रिपवरच्या बहुतेक मोठ्या कॅसिनोंत तिचे करार आहेत. ते फुकट मिळाले नाहीत. ‘फ्राँटिअर’ हॉटेलसमोर १९९१ ते १९९८ असा सहा वर्षांहून जास्त काळ संप चालला. नेवाडात टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी देता येत नाही, ते पूर्ण द्यावंच लागतं, टिप वरची. २०२३ च्या नोव्हेंबरात मोठ्या कंपन्यांशी नवे करार ऐन संपाच्या तोंडावर झाले. महाग ताटातून हे सगळं सुटतं असं नाही, कंपनीचा नफा आधी आणि मोठा सुटतो. तरी ज्या खात्याला स्वतःचं उत्पन्न आहे तिथला कामगार वेतनवाढ मागताना कशाकडे तरी बोट दाखवू शकतो. तोट्यात चालवलेल्या, आमिष म्हणून मांडलेल्या बुफेतला वेटर कशाकडे दाखवणार?

चांगला स्टेक खायला कॅसिनोच कशाला, ‘गोल्डन स्टिअर’ आहेच की, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. तिथे जा.

हा सगळा हिशोब परदेशापुरता नाही, कारण आपल्या शेजारी, गोव्यातल्या मांडवी नदीत नेमकं जुनं व्हेगास नांगरून उभं आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांची नि रूलेटची टेबलं आली. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर नेतात. प्रवेशाचं पॅकेज घ्यायचं, त्यात खेळायची कुपनं, अमर्याद बुफे, पेयं, गाणी-नाच सगळं एकत्र. काही बोटींवर मुलांना सांभाळायची खोलीही असते. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्यातल्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं बाहेरचं, आणि त्यात मुंबई-पुण्याकडचे ‘वाढदिवसाला गोवा’ म्हणून निघालेले गट भरपूर. ते परतल्यावर कौतुकाने सांगतात, की जेवण तर फुकटच होतं. जेवण आणि खेळ एकाच रकमेत बांधले, की बुफेचे किती आणि कुपनांचे किती हे कुणाला सांगता येत नाही, आणि कुपनं संपल्यावर उठणारा माणूस विरळा. महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा झाला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडेही कॅसिनो हवेत म्हणजे पर्यटन वाढेल, अशी मागणी तोवर अधूनमधून होत राहिली, आणि ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडवीतल्या बोटी असत. त्या बोटींना माझा मुख्य आक्षेप तिथल्या पॅकेजवर आहे. जेवणाचा दर वेगळा छापा, खेळाचा वेगळा, आणि ज्याला नुसतं जेवायचं आहे त्याला जेवून उतरू द्या, एवढं झालं तर वाढदिवसाची पंगत तिथेही बसायला हरकत नाही. तोवर पणजीतच, जमिनीवर, शेवंडांपासून शाकुतीपर्यंत सगळं दरपत्रक वाचून मागवता येतं.